सात वर्षांचं गणित

फोन बनवणाऱ्या त्या कंपनीत सगळे तिला 'सातवर्षे बाई' म्हणायचे. तिचं काम खर्चाचे अंदाज काढायचं. फोनमधली चिप बाहेरून विकत घ्यायची की स्वतःच घडवायची, असा प्रश्न निघाला तेव्हा चार महिने मान मोडून तिने आकडे काढले आणि बैठकीत सांगितलं, "पहिली चार वर्षं नुसता खर्च. मग दर फोनमागे बचत सुरू. घातलेला पैसा सातव्या वर्षी वसूल. मध्येच सोडणार असाल तर हातच घालू नका."

साहेबांनी मान डोलावली. चिपचा विभाग उभा राहिला.

पहिली चिप फोनात घातल्यावर तापायला लागली. सगळी आखणी नव्याने करावी लागली. साहेब गेले, दुसरे आले, "अजून किती?" करत तेही गेले. चौथ्या वर्षी चिप ठणठणीत निघाली. एरवी तोंडातून शब्द न काढणारा विभागप्रमुख तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, आता तुमचे आकडे खरे करून दाखवतो."

सहा महिन्यांत तिसऱ्या साहेबांनी विभागाला कुलूप लावलं.

ती त्यांना म्हणाली, "साहेब, खर्चाचा भाग संपलाय. आता फक्त मिळायचं राहिलंय."

"ते पुढचं पुढे. मला या तिमाहीचा नफा दाखवायचाय."

घरी तिने पातेलं ओट्यावर आदळलं. नवरा म्हणाला, "कंपनी काय तुझ्या वडिलांची आहे? पगार मिळतोय ना?"

"खरं सांगायचाच पगार घेते रे! आणि ऐकायला कुणी नाही."

चिप घडवणारी साठ माणसं पांगली. निम्मी तर चिप विकणाऱ्या बाहेरच्या कंपनीतच लागली. आता यांना दुसरा रस्ता नाही, हे ओळखून त्या कंपनीने भाव चढवले.

तेव्हा साहेबांनी तिला बोलावलं. "पुन्हा स्वतःची चिप करायची तर किती वर्षं?"

"नऊ."

"मागे सात म्हणाला होतात!"

"तेव्हा चांगली माणसं आपल्याकडे यायला तयार होती. आता कोण भरवसा ठेवणार?"

साहेबांनी प्रस्तावाचा कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "सहा लिहा. वर पाठवायचंय."

"मग सहीही तुम्हीच करा."

महिन्याभरात तिची बदली गोदामात झाली. आता ती खोक्यांच्या वाहतुकीचा खर्च काढते. सहा वर्षांचा प्रस्ताव मंजूर झाल्याचं तिला जेवणाच्या सुट्टीत कळलं. तिने डबा अर्धाच खाल्ला आणि झाकण लावून टाकलं.