वरच्या मजल्याचं गिऱ्हाईक

नोएडातलं हे घर आम्ही चार कुटुंबांनी मिळून घेतलं. आम्ही चौघे एकाच मंत्रालयातून निवृत्त झालेलो. प्रत्येकाला एक मजला, पण रजिस्ट्री, म्हणजे खरेदीखत, एकच आणि रात्रीचा स्वयंपाकही एकच, तळमजल्यावर. वार वाटून घेतलेले. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा गुरुवार.

त्यांचे यजमान गेले आणि पुण्याच्या मुलाने हिस्सा विकायचं काढलं. वहिनींना जायचं नव्हतं, पण कुणावर भार नको म्हणून त्या गप्प होत्या. पुढे आलेलं गिऱ्हाईक मी परतवलं, असं आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला सांगत. मी ऐकत बसायचो.

खरं म्हणजे ते गिऱ्हाईक मीच आणलं होतं. उद्या एकट्या बाईचं आजारपण आपल्या गळ्यात पडेल, ही माझी भीती. मुलाला मीच जिन्यात म्हणालो होतो, "आईला घेऊन जा. इथे कोण बघणार?"

गिऱ्हाईक बायकोसह आलं, तो गुरुवार होता; मुलगाही पुण्याहून आलेला. मजला दाखवून त्यांना खाली आणलं, तर वहिनींनी सगळ्यांची पानं मांडलेली, त्या दोघांचीही. भरली वांगी वाढता वाढता त्या बाईंना सांगू लागल्या, "गुरुवार का खाना अब आपका. सबके लिए. इनको शुगर है, उनको लहसुन नहीं चलता. और पानी की मोटर पर झगड़ा हुआ, तो छुड़ाना भी आपको ही है."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "आंटीजी, हमें मकान लेना था, खानदान नहीं."

आम्ही सगळे हसलो. वहिनी मुलाकडे वळल्या. "ऐकलंस? हे खानदान सोडून मी तुझ्या बाल्कनीत बसू?"

मुलगा दुसऱ्या दिवशी एकटाच पुण्याला गेला. गिऱ्हाइकाला गेटपर्यंत पोचवायला मी गेलो होतो, म्हणून नाव माझं झालं.

परवा वहिनींच्या वाढदिवसाला मी हे सर्वांसमोर सांगून टाकलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जिन्यातलं तुमचं बोलणं मी वरून ऐकलं होतं. त्या दिवशीची वांगी कुणाच्या आवडीची? तुमच्याच ना? गिऱ्हाईक काय, गेलंच असतं. आधी तुमचं मन फिरवायचं होतं."

त्यांची नात आता इथल्याच एका आयटी कंपनीत आहे, आजीजवळ राहते. गुरुवार तिने घेतलाय. काल तिच्या पोळ्या वातड झाल्या होत्या. मी एक जास्तीची मागून घेतली.