त्याच कीबोर्डवर

कॉम्प्युटर लॅबमधे कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी सरांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि मी नुकताच हात लावलेला कीबोर्ड पुसला. आधी बटणं, मग फटी, मग खालची बाजूसुद्धा. अजून दोन मिनिटं घासला असता तर भंडाऱ्याच्या पितळी ताटासारखा चकाकला असता.

"तू लॅब झाडायची. बटणं दाबायची नाहीत."

पंधरा पोरं पाहून राह्यली होती.

दुसऱ्या दिवशी तो कीबोर्ड भंगारात. धडधाकट होता बिचारा. माझ्या बोटांनी वारला.

मी उचलला. भंगारातल्याच एका जुन्या कॉम्प्युटरला जोडला. मासिकासोबत फुकट आलेली लिनक्स सिस्टिमची सीडी त्यात घातली. सर वर्गावर गेले की झाडू दाराला टेकवून मी बसायची. लहानपणी बुद्धवंदना पाठ केली, तशा कमांड पाठ केल्या. देवळीची एसटी जन्मात बंद पडली नसेल तेवढ्यांदा तो डबा एका महिन्यात बंद पाडला.

तीन वर्षांनी तपासणी समिती येणार म्हणून विभागाला वायरलेस इंटरनेट पाहिजे झालं. नागपूरहून टायवाला इंजिनिअर आला. विद्यापीठाचा सर्व्हर फक्त यादीतल्या मशीनला ओळखायचा, नव्या राउटरला दारातच उभं करायचा. टायवाला तीन दिवस घामानं न्हाला. चौथ्या दिवशी टाय टाकून पळाला.

मी विभागप्रमुख मॅडमला म्हटलं, "मले एक दुपार द्या."

माझा डबा कधीचाच भंगारात टाकलेला, पण सर्व्हरच्या यादीतून त्याचं नाव खोडायचं कोणाला सुचलंच नव्हतं. एका बाजूनं विद्यापीठाची तार, दुसऱ्या बाजूनं राउटर, मधे माझं लिनक्स. सर्व्हरला दिसे एकटा डबा. त्याच्या मागं अख्खा विभाग. मॅडमनं चावी माझ्याच हाती दिली: ज्याच्या लॅपटॉपचा नंबर माझ्या डब्यातल्या यादीत, त्यालाच इंटरनेट.

समिती जिन्यात पोचली तेव्हा सर धावत आले. लॅपटॉप बगलेत.

"ताई, माझा नंबर टाक ना."

ताई! तोवर मी नुसती 'ए' होते.

"ज्याचा नंबर त्यानंच टाकाचा, सर. नियम हाय." मीच केलेला. त्याच सकाळी.

कीबोर्ड पुढं सरकवला. त्यांनी ओळखला. हात खिशाकडं गेला.

"रुमाल नाई चालत, सर. बटणं दाबा."

नंबर म्हणजे बारा आकडे-अक्षरं. एकेक दाबलं. बोट टेकवलं की लगेच उचलायचे, जसं काही बटणाखाली विंचू बसलाय. पोरं पाहून राह्यली होती.

"चुकलं, सर. पुन्हा टाका."

चुकलं नव्हतं.

तीनदा टाकायला लावलं.

मॅडम म्हणतात, झालं ना आता, सोडून दे. काऊन सोडू? यादी माझ्या हातात आहे. दर सत्राला मी ती कोरी करते. दर सत्राला सर येतात, बारा बटणं दाबतात. नवा कीबोर्ड आला की मी तो दुसऱ्या टेबलावर देते.

सगळी लॅब झाडते, पुसते. फक्त तो जुना कीबोर्ड पुसत नाही. सर रिटायर होईपर्यंत पुसणार नाही.