जहाजावरचा नळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं न्हाई. पोराला न्हाई, लेकीला न्हाई. देवळात हात जोडून उभा राहिलो तरी देवालाही न्हाई — म्हणलं, तुला दिसलंच असंल, वर आणखी सांगायचं कशाला? तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत न्हाई. ओळखीच्या माणसापुढं माझी मान खाली होत न्हाई. मानेला ती सवयच न्हाई.

आधी मी कसा हाय ते सांगतो, मग पुढचं तुम्हाला पटंल. गाव माझं चाकूर तालुक्यात. शाळा चौथीपर्यंत. पेपर वाचतो, आणि मोठ्यानं वाचतो, म्हणजे शेजारच्यालाही कळावं की वाचून राहिलाय. लातूर जिल्हा नवा झाला तवा सगळ्यांनी पत्त्यावर ‘जिल्हा लातूर’ लिहायला सुरुवात केली. मी ‘जिल्हा उस्मानाबाद’ सोडलं न्हाई. मला विचारून केला होता का जिल्हा? माझ्या चिठ्ठ्या उस्मानाबाद फिरून यायच्या, उशिरा यायच्या. मेव्हण्याच्या लग्नाची पत्रिका लगीन झाल्यावर आली. बायको म्हणली, आता तरी लिवा लातूर. मी म्हणलं, पत्रिका पोस्टानं उशिरा आणली, त्यात माझी काय चूक?

असा माणूस मी. माझी चूक झाली, हे वाक्य तोंडातून काढायला मला जड जातं. जड कसलं — कधी काढलंच न्हाई.

तर माझी बायको. नाव गया. तिचं डोकं म्हणजे — कसं सांगू? कोणत्या गाडग्यात कोणत्या सालचं बी हाय, गावात कुणाची गाय कधी व्याली, कुणाच्या पोराच्या बारशाला कुणी काय आणलं, सगळं तोंडपाठ. लिहिता-वाचता येत न्हाई तिला. मला येतं. पण काही आठवायचं असलं की लोक तिच्याकडं यायचे, माझ्याकडं न्हाई. हे मला खुपत होतं का? होतं. तेही आजच सांगून राहिलो.

आमचे जावई नांदेडला सरकारी नोकरीत. त्यांना फिरायला जायची सवलत मिळते. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं ना, त्याच्या नंतरच्या दुष्काळातली गोष्ट. जावई म्हणले, मामा, यंदा मुंबई ते गोवा जहाजानं जाऊ, एक मुक्काम जहाजावर. मी म्हणलं, गावात प्यायला पाणी न्हाई आणि पाण्यावर तरंगायला कुठं निघालाव? लेक म्हणली, आबा, म्हणूनच चला. गयानं त्याच दिवशी ठेवणीतलं लुगडं उन्हात टाकलं, तवा मी समजलो.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. ती कळली न्हाई तर पुढचं कळणार न्हाई. दुष्काळात आम्ही नळाची तोटी बंद करत न्हाई. पाणी आठवड्यात कधी येईल, दिवसा येईल का रात्री, काही नेम न्हाई. म्हणून तोटी उघडीच ठेवायची आणि खाली घागर. रिकाम्या घागरीत धार पडली की अख्खं घर उठतं. ज्यानं शहाण्यासारखी तोटी बंद ठेवली, त्याच्या घरी पाणी येऊन निघून जातं. आणि मोरीच्या तोंडाला बोळा कोंबायचा — आंघोळीचं पाणी वाया गेलं तर भांडी कशानं धुवायची? घरोघरी असंच चालू होतं. आमच्या घरी हे काम गयाचं.

मुंबईला जहाज बघितलं. मोठं होतं, खोटं सांगत न्हाई. पण जुनं. कुठल्या तरी मुलखात चालून चालून थकलेलं, आणून त्याला नवा रंग, नवे गालिचे, नवे दिवे. वासच सांगत होता रंगाचा. मी कठड्याचा रंग नखानं खरवडून बघितला, खाली गंज. जावयाला म्हणलं, हाळीच्या बैलबाजारात म्हातारा बैल असाच विकतात बापू, शिंगं घासून आणि तेल लावून. दात बघितल्याशिवाय घ्यायचा नसतो. जावई हसले. मग मी दुपारभर त्यांना जहाज कसं चालवावं ते समजावून सांगत होतो. समुद्र मी त्याच दिवशी पहिल्यांदा बघितला, ही गोष्ट वेगळी. पोटावर बांधायची नारंगी जाकिटं दाखवली, ती कशी घालायची ते शिकवून राहिले होते. मी पाठ फिरवून उभा राहिलो. खोलीतल्या कामगारानं न्हाणीघर दाखवलं, नळ कसा फिरवायचा ते सांगायला लागला. मी म्हणलं, नळ बघितलाय मी.

तेवढ्यात भोंग्यावर इंग्रजीत काही तरी बोलले. जावई म्हणले, कुठं तरी पाईपाचं काम निघालंय, थोडा वेळ पाणी येणार न्हाई. मला तर बरंच वाटलं. म्हणलं, घरच्यासारखं झालं.

गया न्हाणीघरातून बाहेर आली. आणि म्हणली — हे मी कानानं ऐकलंय, आजही ऐकू येतं —

‘पाणी न्हाई आलं. तोटी बंद करून ठिवली बगा म्या. दुसऱ्याचं घर हाय.’

आणि लेकीबरोबर समुद्र बघायला वर गेली.

मी एकटा राहिलो. न्हाणीत डोकावलो. तोटी बंद. आता मला सांगा, पाणी येऊन गेलं तर? ही बाई बोटीवर आली की लगेच शहाणी झाली का? मी तोटी पुरी उघडली. खाली कचऱ्याचा डबा होता, तो रिकामा करून धारेखाली लावला. मोरीच्या तोंडात जहाजवाल्यांचा पांढरा टावेल कोंबला, चांगला दाबून. आणि मागं सरकून बघितलं. छाती फुगली माझी. एवढ्या मोठ्या जहाजात एवढी अक्कल दुसऱ्या कुणाला सुचली असंल का? न्हाई. कुणालाच सुचली न्हाई.

मग वर जेवायला गेलो. गुलाबजाम पुन्हा पुन्हा घेतले. कुणी अडवत न्हाई तिथं.

जेवून आम्ही चौघं खाली आलो, तर खोल्यांच्या मधल्या वाटेवरचा नवा गालिचा पायाखाली पचपच वाजला. पुढं बघतो तर आमच्या दाराखालून पाणी चाललंय, संथ, स्वच्छ, पाटाला सोडल्यासारखं. आणि माझ्या तोंडून — दुष्काळातलं तोंड, काय करणार — जोरात निघून गेलं, ‘पाणी आलं!’

गावात हे ऐकून लोक घागरी घेऊन धावतात. तिथं लोक जाकिटं घेऊन धावले. एक गृहस्थ तर नारंगी जाकीट घालून, हातात तसंच गुलाबजामचं ताट धरून जिन्याकडं निघाले. एक बाई नवऱ्याला म्हणून राहिली, तुम्हाला सांगत होते विमानानं जाऊ. मी मनात म्हणलं, दात न बघता बैल घेतला की असंच होतं. म्हणजे बघा, तोपर्यंत माझ्या ध्यानातच आलं न्हाई. जहाजच फुटलं असं मला पण वाटलं.

पांढऱ्या कपड्यातला, खांद्यावर पट्ट्या असलेला साहेब आला. दार उघडलं. पाण्यात माझी एक चप्पल तरंगत दारापर्यंत आली, तवा मला तो डबा आणि टावेल आठवला. तरी मी साहेबाला म्हणलं, पाईप जुने हायत तुमचे, नुसता रंग मारून काय होतं? साहेब बिचारा माफी मागायला लागला. मी ती घेतली. हो, घेतली. मान हलवून घेतली.

मग आत गेलेला कामगार बाहेर आला. एका हातात कचऱ्याचा डबा, दुसऱ्या हातात निथळणारा टावेल. तोटी उघडी होती, म्हणला.

जाकीटवाले थांबले. साहेबानं विचारलं, हे कुणी केलं? जावई माझ्याकडं बघून राहिले. दुपारभर ज्यांना जहाज शिकवलं ते जावई. आणि मी काय बोललो? आमच्याकडची हिंदी तुम्हाला माहीतच असंल —

‘साब, हमारी मंडळी की आदत हाय. नल खुल्ला छोड देती. गाँव में दुष्काळ हाय ना.’

एवढंच. एक श्वास पण लागला न्हाई.

गयानं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई हो, राग असता तर बरं झालं असतं. ती म्हणली, ‘म्या तर बंद केली व्हती.’

मी म्हणलं, ‘न्हाई. उघडीच व्हती.’

ती स्वतःच्या उजव्या हाताकडं बघायला लागली. तोटी फिरवलेल्या हाताकडं. लई वेळ. मग हळूच म्हणली, ‘सवयीनं राह्यली आसंल.’ साहेबापुढं हात जोडले आणि खाली बसून पदरानं पाणी टिपायला लागली. साहेबानं तिला हाताला धरून उठवलं, म्हणले, माताजी, कोई बात नहीं. लोक हसले. वाईट हसले न्हाईत, आपल्या आईला हसावं तसं. आम्हाला दुसरी खोली दिली, आधीच्यापेक्षा मोठी. मला झोप लागली का? लागली. घोरलो पण म्हणे.

इथंच थांबलो असतो तर एक वेळ... पण न्हाई. गावात आलो आणि स्टँडवरच्या हॉटेलात ही गोष्ट मीच पहिल्यांदा सांगितली. गयानं जहाज कसं बुडवलं! पहिल्या दिवशी पाणी घोट्याला होतं. पोळ्यापर्यंत गुडघ्याला आलं. दिवाळीला कमरेला लागलं आणि साहेबच जाकीट घालून पळाला. लोक चहा पाजून ऐकायचे. बाया गयाला वाटेत म्हणायच्या, जहाजवाली, नळ बघून निघालीस का गं? ती हसायची. मला वाटायचं, बघा, तिला पण मजा वाटून राहिली.

मजा कुठली. ती हसायची आणि घरी परत जाऊन नळ बघून यायची.

आधी नळ. मग चूल, मग गॅस, मग गोठ्याचं दार. जेवताना ताटावरून उठायची. कुणी काही विचारायला आलं की म्हणायची, माझं ध्यान राहत न्हाई आता, सूनबाईला इचारा. बियांच्या गाडग्यांवर सुनेकडून चिठ्ठ्या चिकटवून घेतल्या — जिला वाचता येत न्हाई, तिनं. एक दिवस किल्ल्यांचा जुडगा कमरेतून काढला आणि सुनेच्या हातात दिला. मी तिथंच खाटेवर बसलेलो. म्हणलं का काही? पेपर वाचत होतो. मोठ्यानं.

लेकीनं नांदेडला बोलवलं चार दिवस राहायला. गया म्हणली, तुमच्या घरात लई नळ हायत माय, माझा भरवसा न्हाई. गेली न्हाई. एकुलत्या एका लेकीकडं ती पुन्हा गेलीच न्हाई.

शेवटी गेल्या महिन्यात पोरानं आम्हाला दोघांना लातूरला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण, गोड बोलणारे. त्यांनी तिला वार विचारला, महिना विचारला, नातवंडांची नावं विचारली. तिनं नावं सांगितली, वर कोण कोणत्या नक्षत्रावर झालं तेही सांगितलं. डॉक्टर म्हणले, आजी, तुमचं तर माझ्यापेक्षा चांगलं हाय. मग हे विसरणं सुरू कधी झालं?

‘जहाजावर,’ ती म्हणली. ‘म्या तोटी बंद केली आसं मला सपष्ट दिसतंय, आजून दिसतंय. आन ती व्हती उघडी. तवा कळलं, आपल्याला दिसतंय ते खरं नसतंय. ह्यांना इचारा.’

डॉक्टरनी माझ्याकडं बघितलं. पोरानं बघितलं. गयानं पण बघितलं — आणि मला वाटतं, तिला माझ्याकडून ‘न्हाई’ ऐकायचं होतं. एक शब्द. दोन्ही वेळा एकच शब्द, बघा. जहाजावर ‘न्हाई’ म्हणायला नको होतं तिथं म्हणलो, आणि इथं म्हणायला पाहिजे होतं तर —

‘हाव,’ मी म्हणलो. ‘तवापासूनच.’

डॉक्टरनी गोळ्या दिल्या. रोज रात्री जेवण झाल्यावर एक. ती मीच काढून देतो, पाण्याचा तांब्या मीच धरतो. घेतल्यावर ती विचारते, घेतली ना मी? मी म्हणतो, घेतली. ती लगेच मानते. माझ्या शब्दावर एवढा भरवसा ह्या दुनियेत दुसऱ्या कुणाचा न्हाई.

तोटी मी उघडली होती. तिनं बंद केली होती, मला सांगून बंद केली होती, आणि मी उघडली. तिला दिसतंय ते खरं हाय.

हे मुंबईच्या एका दिवाळी अंकाला पाठवून राहिलो. छापून आलं तर आमच्या घरी अंक येतो. सूनबाई वाचून दाखवते, गया निवडत-पाखडत ऐकते. मी तवा शेताकडं निघून जात असतो. त्या दिवशी जाणार न्हाई. तिच्यासमोर बसणार हाय.