एका शब्दाचं गाणं

ताईला फुप्फुसांचा आजार विसाव्या वर्षी जडला. गाणी रचायचं वेडही तेव्हाचंच. रोज सकाळी ती डॉक्टरांनी दिलेल्या नळीत जोराने फुंकते, नळीवरचा काटा सरकतो, आणि गिटार घेऊन बसलेला धाकटा भाऊ विचारतो, "आज किती?" तीनशे आले तर सहा शब्दांची ओळ, दोनशे आले तर तिनांची. एका श्वासात मावेल तेवढीच ओळ लिहायची, हा तिचा कायदा. लोक त्याला शैली म्हणतात, तेव्हा भाऊ मनातल्या मनात चरफडतो.

परवा काटा जेमतेम सव्वाशेवर अडकला. भाऊ गुपचूप गिटार खोळीत घालू लागला.

"ठेवतोस कुठे?" ताई खेकसली. "एक शब्द बसतोय की!"

तो शब्द शोधण्यात तिने अख्खी दुपार घालवली. भावाने सुचवलेले सगळे शब्द उडवून लावले. मग ताठ बसून गायली, "अजून." थांबली, श्वास गोळा केला. "अजून." पाच वेळा तोच शब्द, आणि दरवेळी निराळा: आधी हट्ट, मग लाड, मग चक्क दटावणी.

धडधाकट फुप्फुसांच्या भावाला मात्र तेवढा एक शब्दही फुटेना.