मुद्देमालाला झेंडूचा हार

चोराने विमलताईंचं फक्त शिवणयंत्र नेलं. चोर सापडल्यावर मात्र दिवाळीची गिऱ्हाइकं गेली, मोठ्या मुलीची शाळा गेली, लोकांची धुणी धुवून ताईंचा उजवा खांदा गेला... त्या मानाने चोर स्वस्तात पडला म्हणायचा.

गोष्ट नाशिकची, ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली. मी कळवणहून एक स्क्रूड्रायव्हर आणि तेलाची कुपी घेऊन आलेला माणूस. तोवर पंचवटीत शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान जमवलं होतं.

विमलताई आमच्याच गल्लीतल्या चाळीत राहायच्या. नवऱ्याच्या अंबडच्या कारखान्याला टाळं लागलेलं, त्यामुळे घर चालायचं ते ताईंच्या ब्लाऊज-परकरांवर.

गणपतीत ताई आरतीला खाली उतरल्या. वर आल्या तर यंत्राचं स्टँड जागेवर आणि वरचं हेड गायब! दाराची कडी आधीपासूनच मोडलेली आहे हे फक्त शेजारणीला माहीत होतं. तेव्हापासून ताईंनी तिच्याशी बोलणं टाकलं.

पण चोर लवकर सापडला, यंत्रासकट. दगडू नावाचा पोरगेला गडी. मला पंच म्हणून चौकीवर बोलावलं.

साहेबांनी विचारलं, "कशावरून हे याच बाईंचं?"

म्हटलं, "साहेब, चाक फिरवा. दर फेऱ्याला एकदा खोकतं. त्याचा डॉक्टर मीच आहे."

हवालदाराने चाक फिरवलं. यंत्र खोकलं. सगळी चौकी हसली... पेपरात फोटोही आला. मधोमध साहेब, पुढे यंत्र, कडेला अर्धा मी. ताई फोटोत नव्हत्या.

साहेब ताईंना म्हणाले, "बाई, निर्धास्त घरी जा. माझ्या हद्दीत फिर्यादीला कधी एकटं पडू देत नाही मी. खुट्ट झालं तरी घरपोच कळवू."

ताईंनी पदर खोचला आणि यंत्राला हात घातला. "मग नेऊ ना आता?"

"अहो, नेऊ काय? मुद्देमाल आहे तो! केस संपेपर्यंत इथून हलायचा नाही. इथल्याइतकी सुरक्षित जागा नाशकात दुसरी नाही."

पुरावा म्हणजे पुरावा, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

दसऱ्याला ताई हळदकुंकवाची कोयरी घेऊन चौकीवर गेल्या. हत्यारांच्या पूजेचा दिवस, आणि त्यांचं हत्यार ते एकच. हवालदार म्हणाला, "झाली की पूजा! आमच्या बंदुकांबरोबर तुमच्या मशीनलाही हार घातलाय." खरंच घातला होता, टपोऱ्या झेंडूचा. ताईंनी घरी येऊन नुसत्या स्टँडला कुंकू लावलं.

दिवाळी कोरडी गेली. ताई लोकांची धुणी धुवायला लागल्या, मोठीला शाळेतून काढून धाकट्यांजवळ बसवलं. प्रत्येक तारखेला ताई कोर्टात जायच्या, म्हणजे त्या दिवसाचं कामही बुडायचं. मी पंच, त्यामुळे मीही जायचो... पुढची तारीख घेऊन दोघं परत.

अशाच एका तारखेला आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो होतो. पलीकडच्या बाकावर बेडी घातलेला दगडू, शेजारी पेंगणारा शिपाई. दगडू बराच वेळ ताईंच्या सोलवटलेल्या हातांकडे बघत होता.

"मावशी, मशीन नाय का मिळालं अजून?"

ताई फणकारल्या, "तूच विचार! निकाल लागेपर्यंत मिळत नाही म्हणे."

"कोण म्हनलं? अर्ज टाका ना जज्जसाहेबाकडं! सुपुर्दनाम्यावर मिळतंय. विकनार नाय, बोलावलं की हजर करीन, असं लिहून द्यायचं अन् एक जामीन उभा करायचा. मागल्या केसात त्या सायकलवाल्यानं लगेच नेली की सायकल."

साहेब, हवालदार, काळ्या कोटातली येणारीजाणारी इतकी मंडळी... आणि हे सांगितलं कुणी, तर ज्याने चोरलं त्याने.

ताईंनी मात्र वेगळंच विचारलं, "माझंच घर का रे? कुणी सांगितलं तुला, कडी मोडलीय म्हणून?"

"कोनी नाय, मावशी. दार ढकलून बघत चाललो व्हतो. तुमचं उघडलं."

"खरं सांगतोस?"

"आता खोटं बोलून काय मिळायचंय मला?"

ताईंनी डोळ्यांना पदर लावला. दगडू म्हणाला, "चुकलं मावशी." तेवढ्यात शिपाई जागा झाला आणि त्याच्यावर खेकसला, "ए, फिर्यादीशी बोलायचं नाही!"

त्याच आठवड्यात अर्ज केला, जामीन मी राहिलो. यंत्र मिळालं, गंजलेलं, गळ्यात सुकून काळा पडलेला हार तसाच. मी ते खोलून, पुसून चालतं केलं.

ताईंनी पहिला ब्लाऊज शेजारणीचा शिवला आणि स्वतः द्यायला गेल्या. ती आधी दार उघडेना... मग दोघी उंबऱ्यातच बसून रडल्या. मोठी मात्र पुन्हा शाळेत गेली नाही. वर्ष बुडालं होतं आणि मनही उडालं होतं.

आता कुणी म्हणालं, 'कायदा आपलं काम करतोय', की मला त्या हाराचा वास येतो. चोराला सरकार जेवण देतं, पहारा देतं. जिच्या घरी चोरी झाली तिला एक वाक्य द्यायलाही कुणाला सवड नव्हती. ते दगडूने दिलं, म्हणून त्याचे आभार मानतो... मानतानाही तोंड कडूच होतं.

पुढे दगडूने गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली. ताईंना ते बऱ्याच दिवसांनी कळलं, दगडूची आई सांगायला चाळीत आली तेव्हा.