मान खाली घालून काढलेले फोटो

सत्तरच्या दशकात मी शहरातल्या सदर भागात एका फोटो स्टुडिओत कामाला लागले, ती आतल्या अंधाऱ्या खोलीत. फिल्म धुवायची, प्रिंट काढायच्या, वाळल्या की कडा कापायच्या. काम आवडत होतं, पण एका जागी उभं राहणं माझ्याच्यानं होत नसे. लाल दिव्याखाली मी सारखी या पायावरून त्या पायावर होत असे. बाबा गिरणीतून आले की विचारत, "काहून वं, घरातही चालूनच राहिली?"

तेव्हा स्थळांना दाखवायचे मुलींचे फोटो काढायला आसपासच्या गावांतून बोलावणी येत. पुष्कळ घरांत त्या कामाला पुरुष नको असे. म्हणून मालकांनी एक दिवस स्टुडिओतला दोन भिंगांचा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्या भिंगातून फोटो निघायचा. तो पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आतल्या दुधी काचेत बघायचं. काचेत माणूस सरळ दिसे, पण त्याचं डावं उजवीकडे गेलेलं असे. कॅमेरा इकडे वळवला की चित्र तिकडे पळे. पहिले काही दिवस मला गरगरल्यासारखं झालं. पण मला चष्मा होता, आणि ती मोठी काच चष्म्यातून आरामात दिसे. मला वाटलं, हा कॅमेरा माझ्यासाठीच बनवला असावा.

हिवाळ्यात मी काटोलला गेले. घरासमोर संत्र्यांचे ढीग लागलेले, वडील माल घेऊन बाजारात गेलेले. घरात आई आणि जिचा फोटो काढायचा ती मुलगी. आईनं स्वतःचं जरीचं लुगडं तिला नेसवलं होतं आणि चुना दिलेल्या भिंतीपाशी खुर्चीवर बसवलं होतं. मुलीनं चेहरा असा घट्ट मिटून घेतला होता की कुठून सुरुवात करावी कळेना. मी पुढे गेले, मागे गेले, खुर्ची सरकवली, परत होती तिथे ठेवली. चहा आणायला आई आत गेली तेव्हा मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही त्या डब्यात काय पाहून राहिल्या?"

"तुलाच."

"मले दाखवा ना."

मी कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या गळ्यात घातला आणि खुर्चीवर मी बसले. ती वाकून बघत असतानाच आई उजव्या दारातून चहा घेऊन आली. काचेत ती डावीकडून आली. मुलगी खो खो हसत सुटली. "आई, तू भलतीकडूनच येऊन राहिली वं." आईला काही समजलं नाही, तीही हसली. मी घाईनं कॅमेरा घेतला, तिला जागेवर बसवलं आणि हसू ओसरायच्या आत एक फोटो काढला. मग आईनं सांगितलं तसा एक गंभीर.

निघताना ती मला बस थांब्यापर्यंत सोडायला आली. मॅट्रिक झाली होती, नर्सिंगला जायचं म्हणत होती, घरी कुणी ऐकत नव्हतं. बस दिसली तेव्हा म्हणाली, "तुम्ही एवढा वेळ होत्या, पण फोटो काढताना माह्याकडं एकदाही पाहिलं नाही."

"काचेत बघत होते की."

"काचेतच पाहत होत्या," ती म्हणाली.

बसमध्ये मला बसायला जागा मिळाली, पण मी उठून दारापाशी उभी राहिले. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरची सावली, मानेचा कल, लुगड्याचा काठ, सगळं मला पाठ होतं. डोळे कसे होते ते मात्र आठवेना.

पुढच्याच आठवड्यात मी मालकांना म्हटलं, मला डोळ्याला लावायचा कॅमेरा द्या. ते म्हणाले, "बेटा, तू खाली पाहते म्हणून बाया मोकळ्या बसतात. डोळ्याले लावला तं त्याहिले बंदूक धरल्यासारखं वाटते." तरी त्यांनी खिडकीवाला एक छोटा कॅमेरा काढून दिला. त्याची खिडकी भिंगापासून वेगळी, वर एका कोपऱ्यात होती. तिच्यातून जग लख्ख दिसे, सरळ दिसे, आणि बटण दाबतानाही दिसतच राही. मी खूश होऊन आमच्या वस्तीतल्या एका बारशाला गेले. बुद्धवंदना झाली, बाया पाळण्याभोवती जमल्या, मी अगदी जवळून फोटो काढले. धुतल्यावर बघते तो पाळणा नीट, बाळ नीट, बाळाच्या आत्याचं कपाळापासून वरचं सगळं गायब. खिडकीला दिसलं ते भिंगाला दिसलं नव्हतं. वर चष्म्यामुळे डोळा खिडकीला टेकत नसे, त्यामुळे कडा दिसत नसत. चष्मा काढला तर आत्याच दिसत नसे. आत्यानं फोटो बघून एवढंच विचारलं, "माही वेणी कुठं गेली वं?" पुढे कितीतरी दिवस ती मला रस्त्यात थांबवून वेणीची चौकशी करत होती.

मग आला आरशाचा कॅमेरा. मालकांनी तो लग्नांसाठी घेतला होता. त्यात भिंगातून येणारं चित्रच आरशावरून डोळ्यापर्यंत येई. दिसे तेच फोटोत येई, कुणाचं डोकं कापलं जात नसे. पण बटण दाबलं की आरसा खटकन वर उचलला जाई आणि पापणी लवेपर्यंत डोळ्यापुढे अंधार. मला त्याचा फार त्रास झाला. ज्या क्षणासाठी एवढी वाट पाहायची, नेमका तोच आपल्याला दिसत नाही. मी एकाच माणसाचे पुनःपुन्हा फोटो काढू लागले. मालक कुरकुरायला लागले.

अशात एक दिवस काटोलची ती मुलगी स्टुडिओत आली, सोबत वडील. नर्सिंगच्या प्रवेशासाठी पासपोर्ट साइझचा फोटो हवा होता. ते स्थळ जमलं नव्हतं, त्यानंतरचंही एक नाही, मग आईनं तिच्या वतीनं तोंड उघडलं म्हणे. वडील बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. "आता हिचीच जिद्द हाय," ते म्हणाले, रागानं नाही, थकल्यासारखे. मी आरशाचा कॅमेरा घेतला आणि तिच्या समोर उभी राहिले. सुरुवातीला ती बिचकली, मानेनं मागे झाली. मी कॅमेरा खाली केला, वसतिगृह कुठे आहे, खोलीत किती जणी असतील, असं काहीबाही विचारत राहिले. ती सांगायला लागली तेव्हा पुन्हा कॅमेरा उचलला. या वेळी ती मागे झाली नाही.

ती शिकली, पुढे नोकरीला लागली, हे मला तिच्या आईकडून कळलं.

त्यानंतर मी स्वतःसाठी एक जुना आरशाचा कॅमेरा विकत घेतला. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून हिंडायची, दिसेल त्याचे फोटो काढायची. सवय झाली तरी तो क्षणभराचा अंधार काही मला मानवला नाही. रोल कॅमेऱ्यात असेपर्यंत जेवताना माझं लक्ष ताटात नसे. लक्ष कुठं आहे असं बाबा विचारत, आणि मी म्हणे, "फोटोत काय आलंय ते मलाच माहीत नाही, बाबा. धुतल्यावर सांगते."