पारोसला मी जरा खाली उतरलो

हे बघा, आधी हातातला चहा संपवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा समोरच्या क्वार्टरमधल्या गोडबोल्यांना ठसका लागला आणि चहा आमच्या नव्या सोफ्यावर सांडला. संपला? अच्छा. तर मी माझी बायको भर समुद्रात हरवली होती. अर्थात तिला विचाराल तर हरवलो होतो मी.

मी दिल्लीत एका मंत्रालयात फायली हलवतो. विजया, म्हणजे आमची मंडळी, सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. इंग्रजी शिकवते, हे जरा लक्षात असू द्या, पुढे ते माझ्या अंगावर येणार आहे.

आमच्या सरोजिनी नगरच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर आहे. वर्ष केव्हाच संपलं, पण विजयानं ते पान काढू दिलं नाही. पानावर सँटोरिनी नावाचं ग्रीसमधलं बेट. खाली निळा समुद्र, त्यातून सरळ वर गेलेला काळा-तांबडा कडा आणि कड्याच्या डोक्यावर पांढरी घरं. त्या चित्रासमोर उभं राहून या बाईनं आम्हाला आयुष्यभर पोळ्या करून वाढल्या. शेवटी गुडगावला नोकरी करणाऱ्या आमच्या ऋचानं तिकिटंच हातात ठेवली.

"बाबा, यार, रिटायर झाल्यावर गुडघे दुखतील. आत्ता जा."

विजयाची मागणी एकच होती. "बोट त्या कड्यांच्या मधे शिरते ना, तेव्हा आपण दोघांनी डेकवर उभं राहून बघायचं. दोघांनी हं! नाहीतर तुम्ही असाल कुठेतरी चहा शोधत."

"बिल्कुल!" मी म्हणालो.

आता त्या बोटींबद्दल सांगायलाच हवं. अहो, काय बोटी! आमच्या ऑफिसच्या इमारतीएवढी एकेक, आणि आमच्या ऑफिसपेक्षा कितीतरी वेळेवर चालणारी. बंदरात पाठमोरी येते, मागचा अख्खा दरवाजा खाली पडतो, त्यावरून ट्रक उतरतात, स्कूटरी उतरतात, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आज्ज्या उतरतात, आणि कोणीही कोणाला कोपर मारत नाही. तिथल्या लोकांची ती एस.टी.च आहे. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा बोटीनं जातात. आणि समुद्राचा रंग? विजया म्हणाली, असली निळी साडी सरोजिनीच्या बाजारात मिळाली तर धुतल्यावर जाईल म्हणून मी घेणार नाही.

सिरोस नावाच्या बेटावर आम्ही मजेत राहिलो आणि तिथून सँटोरिनीची बोट धरली. वाटेत दोन थांबे, पारोस आणि नाक्सोस. घात केला तो पारोसनं. म्हणजे पारोसनं काय, माझ्या पायांनी.

तुम्ही माझ्याबरोबर दिल्ली-नागपूर प्रवास केलाय का? मी कधी डब्यात बसून राहतो? स्टेशन आलं की मी खाली! झाशीला पाणी, भोपाळला पेपर, इटारसीला चहा आणि भजी. काहीच नको असलं तरी उतरायचं, प्लॅटफॉर्मवर कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे बघायचं. गाडी हलली की मिळेल त्या डब्यात उडी मारायची आणि आतून आतून चालत आपल्या जागेवर यायचं. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात विजया रडकुंडीला आली होती. दुसऱ्या प्रवासात नुसती चिडली. आता ती पुस्तकातून मानही वर करत नाही.

तर पारोस आलं. मी खिडकीतून बघतो तो धक्क्यावर एक टपरी, टपरीत तीळ लावलेले गोल गोल पाव, आणि कॉफीची वाफ.

"जरा खाली जाऊन येतो," मी म्हणालो.

"हं," विजया पुस्तकातूनच म्हणाली.

माझा हिशोब साधा होता. एवढीशी रेल्वे इटारसीला इतका वेळ थांबते, तर एवढी थोरली बोट किती थांबत असेल? निवांत गेलो. पाव निवडून घेतले. कॉफीत साखर जास्त घालायला सांगितली. टपरीवाल्याला 'इंडिया, इंडिया' करून हसवलं. आणि मागे वळलो तर बोटीचा दरवाजा वर चाललेला!

धावलो. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात पाव, आणि तोंडानं, काय सांगू, "रुको! रुको भाई!" ग्रीसमध्ये! गाडी असती तर कोणीतरी हात दिला असता. इथे हात देणाऱ्याच्या आणि माझ्या मधे समुद्र होता. शिट्टी नाही, धक्का नाही, बोट नुसती अलगद निघून गेली. मी धक्क्याच्या टोकाला उभा, आणि कॉफी माझ्या शर्टावर.

मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. दोघांचे पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये. पैसे, कार्ड पाऊचमध्ये. परदेशात चालणारा फोन एकच घेतलेला, कारण 'आपण दोघं बरोबरच तर आहोत', आणि तो माझ्या खिशात. विजयाजवळ काय? दोन बॅगा, एक पुस्तक आणि फोटो काढण्यापुरता फोन.

मी ऋचाला फोन लावला. मी फोनवर नेहमी स्पीकरवरच बोलतो, कानाला गरम लागतं. त्यामुळे अख्ख्या बंदरानं ऐकलं.

"बाबा, तुम्ही उतरलातच का?"

"कॉफी घ्यायला."

"बोटीवर कॉफी नव्हती?"

"होती."

 मग ती म्हणाली, "बाबा, पोर्टच्या ऑफिसात जा. आणि प्लीज, जे आहे तेवढंच सांगा."

हे शेवटचं वाक्य मी ऐकायला हवं होतं.

पोर्टच्या ऑफिसात पांढऱ्या गणवेशातली एक गोड मुलगी होती, एलेनी नावाची. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, शर्ट पुसायला कागद दिला. आमच्याकडे एवढं व्हायला आधी अर्ज करावा लागतो. पण मी पडलो दिल्लीचा सरकारी माणूस. काम लवकर व्हायचं तर केस जड करावी लागते, हे माझ्या हाडात मुरलेलं. 'बायको पुढे गेली' एवढ्यावर कोणी फोन उचलेल का?

म्हणून मी म्हणालो, "मॅडम, ती म्हातारी आहे."

एलेनीनं फोन उचलला. बघा, चाललं ना!

"फार घाबरट आहे. एकटी कधी कुठे गेलेली नाही." हे त्या बाईबद्दल, जी सरोजिनीच्या गर्दीत शिरली की दुकानदार एकमेकांना सावध करतात.

"आणि," मी आवाज कापरा केला, "तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही."

एलेनीच्या डोळ्यांत पाणी आलं हो! ती बोटीशी भराभरा ग्रीकमध्ये बोलली. या सगळ्या गडबडीत तिनं नाव विचारलं नाही, आणि मी दुःखाचं वर्णन करण्यात इतका रंगलो होतो की सांगायचं राहूनच गेलं.

थोड्या वेळानं बोटीवरून निरोप आला. इंग्रजीत घोषणा केली, ग्रीकमध्ये केली, तशी कोणी बाई पुढे आली नाही.

मी केस आणखी जड केली. "मॅडम, तिला हार्टचा त्रास आहे!" हार्ट तिचं ठणठणीत आहे, त्रास झालाच तर माझ्यामुळे होतो. पण बोटीवर धावपळ सुरू झाली. प्रत्येक मजला, कॅन्टीन, बायकांची स्वच्छतागृहं, खाली गाड्या ठेवतात तो भाग, सगळीकडे माणसं पाठवली. नाक्सोस येऊन गेलं, तरी पत्ता नाही.

आता मात्र नाटक संपलं. मी खरोखरच घाबरलो. मला शोधायला ती नाक्सोसला उतरली असेल का? जिन्यावरून पडली असेल? मी एलेनीसमोर लहान मुलासारखा रडलो, खोटं कशाला सांगू. हातात ते तिळाचे पाव तसेच होते.

तेवढ्यात एलेनीचा चेहरा उजळला. "सर, काळजी करू नका. बोटीवर दुसऱ्या एक भारतीय बाई आहेत, त्या स्वतःहून मदत करतायत. फार हुशार बाई आहेत म्हणे. त्यांनी माणसांच्या तुकड्या पाडून शोध चालवलाय."

माझ्या जीवात जीव आला. परक्या मुलखात आपलं माणूस भेटलं! म्हटलं, "त्या ताईंना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

एलेनीनं निरोप पोचवला आणि उत्तरही आलं. ती जरा घुटमळली. "त्या म्हणतात, नमस्कार ठेवा तुमच्याजवळ. अशा बाईला एकटं टाकून उतरणाऱ्या नवऱ्याला आधी बेड्या घाला."

बरोबरच होतं. मी मान खाली घातली.

दुपारच्या बोटीत एलेनीनं मला स्वतः नेऊन बसवलं आणि माझा नंबर लिहून घेतला. या बोटीवर मी नाक्सोसलाही जागचा हललो नाही. खिडकीची कड धरून बसलो.

आणि मग सँटोरिनी आलं, तेव्हा उठून डेकवर गेलो. पाणी एकदम गडद झालं आणि दोन्ही बाजूंनी ते कडे उभे राहिले. काळे, तांबडे, मधेच पिवळसर पट्टे, आणि पार वर पांढरी घरं, भाकरीवर पीठ भुरभुरावं तशी. कॅलेंडरवाल्यानं काहीच दाखवलं नव्हतं हो! सगळे जण कठड्याला चिकटून उभे होते. इतकं सुंदर मी आयुष्यात पाहिलं नाही. आणि शेजारची जागा रिकामी. मी त्या कड्यांवरची नजर काढली आणि खाली धक्क्यावर विजया दिसते का तेवढंच शोधू लागलो.

दिसली! शेडखाली, दोन्ही बॅगांवर पाय ठेवून, पुस्तक वाचत. हातात बोटीवरच्या लोकांनी दिलेला ज्यूस. मी धावत गेलो.

"आलात?" ती म्हणाली. "मला वाटलंच, पारोसलाच राहिला असणार. बॅगा घेऊन आपल्या स्टेशनवर बसायचं, माणूस मागच्या गाडीनं येतो. सवय आहे मला."

"तू घाबरली नाहीस?"

"घाबरायला वेळ कुठे होता? मला आधी वाटलं तुम्ही चढलायत कुठूनतरी, येताय आतून आतून. आणि तेवढ्यात ती घोषणा झाली ना! अहो, बोटीवर एक बिचारी म्हातारी भारतीय बाई हरवली होती. हार्ट पेशंट! इंग्रजी येत नाही! नवरा मेला खाली उतरून बसलेला. मी म्हटलं, आपल्या बाईला आपण नाही शोधायचं तर कोणी? सगळी बोट पालथी घातली. खाली ट्रकच्या चाकांमागेसुद्धा पाहिलं. नाही सापडली हो." तिचे डोळे भरले.

माझ्या कानशिलात ढोल वाजू लागले.

"म्हणजे बोट आत शिरली तेव्हा... ते कडे?"

"कुठले कडे? मी खाली गाड्यांमधे होते. राहूनच गेलं बघायचं. पण जीव मोठा की कडे मोठे?" मग एकदम दात-ओठ खाऊन म्हणाली, "तो नवरा मला भेटायला हवा!"

"खरंच," मी म्हणालो, "कसली माणसं असतात!"

आणि माझा फोन वाजला. आणि मी, सवयीनं, स्पीकरवर घेतला.

"सर, मी एलेनी, पारोसहून! सापडल्या का तुमच्या मिसेस? त्या घाबरट, वयस्कर, इंग्रजी न येणाऱ्या?"

विजयानं पुस्तक मिटलं. माझ्याकडे बघितलं. शाळेत तिच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते म्हणतात, ते का, ते मला तेव्हा कळलं. मी वाट बघत होतो की आता ती फोनवर तिच्या त्या खणखणीत इंग्रजीत माझी सालटी काढणार. तर तिनं कपाळाला हात लावला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"अहो, काय म्हणतायत हो त्या? मला बाई इंग्रजी येत नाही."

पुढचे सगळे दिवस ही बाई इंग्रजीत अवाक्षर बोलली नाही! हॉटेलात, दुकानात, बसमध्ये, सगळीकडे मला पुढे ढकलायची आणि मागे पदर सावरून उभी राहायची. माझ्या इंग्रजीवर आम्ही दोनदा ऑक्टोपस खाल्ला.

पण निघायच्या दिवशी बोट त्या कड्यांमधून बाहेर पडली तेव्हा मी तिला हाताला धरून मागच्या डेकवर नेलं. येताना नाही तर जाताना. बेट लहान लहान होत गेलं आणि ती ते पार ठिपका होईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "कॅलेंडर आता काढलं तरी चालेल." आणि माझा हात सोडला नाही. मला बरं वाटलं. नंतर लक्षात आलं, पुढचा थांबा नाक्सोस होता, म्हणून धरून ठेवला होता.

एवढ्यावर सुटलो असतो तरी ठीक. परवा आम्ही नागपूरला निघालो. इटारसी आली. मी सवयीनं उठायला गेलो तर विजयानं खांदा दाबून मला खाली बसवलं, पर्स घेतली, आणि समोरच्या सीटवरच्या मुलाला अगदी मायेनं म्हणाली,

"बेटा, मैं ज़रा चाय लेने उतर रही हूँ. अंकल का ध्यान रखना. बुज़ुर्ग हैं, बहुत घबराते हैं. और हाँ, इंग्लिश बिल्कुल नहीं आती."